ड्रायरचा दुसरा प्रश्न

“तुमचे मिस्टर काय करतात?” असं कुणी विचारलं, की माझी बायको सुनंदा भाजी निवडता निवडता सांगते, “यंत्रांना खोटं बोलायला शिकवतात.” पस्तीस वर्षांत तिने या उत्तरात फरक केलेला नाही, आणि मलाही त्यात दुरुस्ती सुचलेली नाही. हिंगोलीला बसस्टँडच्या मागे माझं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी ते बंद केलं, तरी अधूनमधून फोन येतोच. नव्या यंत्रांचे मालक मला विचारत नाहीत. मला शोधत येतात ते जुन्या यंत्रांचे जुने मालक. त्यांची तक्रारही ठरलेली असते: मास्तर, यंत्र मेलं, पण प्रोग्रॅम चांगला आहे हो, त्याला दुसरीकडे नांदवता येईल का? (सुरुवातीला मी टायपिंगचे वर्ग घेत असे, तेव्हापासून मी जिल्हाभर मास्तर आहे.)

या नांदवण्यातली गोम सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. संगणकात एक मुख्य कारभारी असतो. आमच्या धंद्यात त्याला कर्नल म्हणतात. प्रोग्रॅम म्हणजे गावात आलेला पाहुणा. त्याला पाणी हवं, खाट हवी, कुणाला निरोप धाडायचा असला, की कारभाऱ्याला विचारायचं. परस्पर कुणाच्या घरात शिरायचं नाही. अशा प्रत्येक विचारण्याला एक क्रमांक ठरलेला असतो आणि प्रत्येक कारभाऱ्याची क्रमांकांची यादी निराळी असते. त्यामुळे एका गावाला सरावलेला पाहुणा दुसऱ्या गावात गेला, की तो पाणी मागतो आणि त्याच्यापुढे खाट येते. मग मधे एक दुभाष्या बसवावा लागतो. हा दुभाष्या लिहिणं हे माझं काम.

पाणी, खाट, निरोप ही कामाची विचारणा झाली. पण एक विचारणा अशी आहे, की तिच्यातून काहीच काम होत नाही. पाहुणा नुसता कारभाऱ्याला विचारतो, तू कोण? नाव काय, कितवी आवृत्ती, कुणी घडवलं? आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूस सेनगाव येईपर्यंत हेच विचारतो. कोन्या गावचे, आडनाव काय, कोनाकडं चालले? उत्तराचा त्याला काडीचा उपयोग नसतो, पण ते मिळाल्याशिवाय तो सरकून जागा देत नाही. प्रोग्रॅमचंही तसंच. मनाजोगं उत्तर मिळालं नाही, की तो तोंड फिरवतो. अशा वेळी माझ्या दुभाष्याला नव्या कारभाऱ्याच्या वतीने जुन्याचं नाव सांगावं लागतं. सुनंदा म्हणते ते खोटं बोलणं हेच.

औंढ्याला एक ज्योतिषी होते. त्यांचा कुंडलीचा प्रोग्रॅम नव्या संगणकावर ‘तू फारच नवा आहेस’ म्हणून अडून बसला. मी मधे दुभाष्या बसवून नव्याला जुन्याचं नाव सांगायला लावलं. ज्योतिषीबुवांनी विचारलं, “म्हणजे हे असत्य झालं का?” मी म्हटलं, झालं. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, “कुंडली खरी निघते ना? मग हरकत नाही.” पुढे त्यांनी खरेदीच्या मुहूर्तावरून त्या संगणकाचीच कुंडली काढली आणि चौथं वर्ष जड आहे म्हणून सांगितलं. संगणक चौथ्या वर्षी बसला. ही हकिकत मी आमच्या घरात सांगत नाही.

पण मला आज सांगायचंय ते ड्रायरबद्दल.

मागच्या वर्षी सोयाबीन काढणीला आलं आणि पावसाने तळ ठोकला. चौथ्या दिवशी सकाळी सेनगावच्या पलीकडच्या एका गावाहून माणिकरावांचा फोन आला. हे तिथल्या बियाणे गटाचे प्रमुख. गावातली चाळीस घरं मिळून आपलं सोयाबीनचं बी आपणच तयार करतात, आणि ते वाळवायला त्यांनी वीसेक वर्षांपूर्वी कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून एक परदेशी ड्रायर आणलेला आहे.

“मास्तर, ड्रायरच्या डब्यात पाल शिरली,” माणिकराव म्हणाले. “पाल बी गेली, डबा बी गेला.”

जीपने जाऊन पाहिलं तर खरंच. ड्रायर चालवणारा संगणक जळून काळा झाला होता आणि त्याची डिस्क फिरायला तयार नव्हती. मी ‘बघू’ म्हणालो. डॉक्टर आणि मेकॅनिक दोघेही नाइलाज झाला की हेच म्हणतात, हे माणिकरावांना ठाऊक होतं. त्यांनी माझा हात धरून मला शेडमध्ये नेलं. तिथे माझ्या छातीइतका सोयाबीनचा ढीग होता.

“आत हात घाला.”

मी कोपरापर्यंत हात घातला. वरचा दाणा गार होता, आतला कोमट. ताप चढू लागलेल्या लेकराचं कपाळ लागावं तसं.

“वलं बी आतून तापतंय,” माणिकराव म्हणाले. “आनखी दोन दिस असंच ऱ्हायलं, तर कोंब मरतो. दाना दिसाया चांगलाच दिसंल, पन पेरला तर उगवनार न्हाई. चाळीस घरायचं फुडल्या सालचं बी हाय हे, मास्तर. इकतचं बी नगं, आपलं आपन करू, असं समद्यायला मीच सांगितलं. आता हे मेलं तर मी कोन्या तोंडानं पारावर बसू?”

उन्हात पसरावं तर ऊन नाही. नुसता पंखा लावावा तर हवाच ओली. राहिला ड्रायर. तो हाताने चालवण्याची सूचना मुंजाजीने केली. मुंजाजी हा ड्रायरचा गेल्या पंधरा वर्षांचा चालक. त्याला हिरवं आणि लाल अशी दोन बटणं ठाऊक होती. हिरवं दाबून तो चहाला जाई आणि परत येऊन लाल दाबी. पडद्याकडे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

“व्हय, आन् मागच्यासारखं फुटानं कर,” माणिकराव म्हणाले. एकदा वीज गेली असताना मुंजाजीने अंदाजाने आग दिली होती. ते बी पेरता आलं नाही, गावाने वर्षभर खाल्लं.

एक गोष्ट मात्र नशिबाने शाबूत होती. ड्रायरच्या प्रोग्रॅमची सीडी माणिकरावांच्या कपाटात लग्नातल्या साड्यांखाली मिळाली. माझ्याकडे लिनक्स नावाच्या कारभाऱ्यावर चालणारा एक धट्टाकट्टा संगणक होता. ड्रायरच्या तारा त्याला जोडल्या, जुन्या प्रोग्रॅमसाठी दुभाष्या बसवला, प्रोग्रॅम चालू केला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि सगळं थांबलं.

“काय म्हनून राहिला?” माणिकरावांनी विचारलं.

“म्हणतो, हे यंत्र माझ्या ओळखीचं नाही.”

“वळखीचं न्हाई? वीस वर्सं पोसला त्याला आमी!”

प्रोग्रॅम कारभाऱ्याला काय काय विचारतो याची नोंद ठेवणारा एक हेर आम्ही लोक बाळगतो. तो लावला तेव्हा खरं कारण समजलं. तो एकशे एकोणचाळीस क्रमांकाची विचारणा करत होता, म्हणजे तीच आपली ‘तू कोण’वाली. माझ्या दुभाष्याला त्या जुन्या यादीतली पाणी, खाट, निरोप ही सगळी विचारणा येत होती, हीच नेमकी येत नव्हती. ती मला तिथे बसून लिहावी लागली. तिच्या पोटात नऊ प्रश्न असतात. पहिला, कारभाऱ्याचं नाव. ते सीडीवर छापलेलं होतं. तिसरा आणि चौथा, आवृत्ती. त्याही तिथेच होत्या. सातवा, यंत्राचा अनुक्रमांक. तो जळक्या डब्यामागच्या पत्र्यावर कोरलेला होता. पालीची क्षमा मागून तो पुसून वाचला. बाकीचे किरकोळ. दुसरा प्रश्न मात्र राहिला: या यंत्राला घरात काय म्हणतात?

हे नाव कारखान्यातून येत नाही. यंत्र बसवताना जो तिथे असेल तो ते ठेवतो आणि ते डिस्कवर राहतं. डिस्क मेली होती. प्रोग्रॅमने आपल्या कुलपात ते नाव जपून ठेवलं होतं, पण मिक्सरमधून काढल्यासारखं आकड्यांत बारीक करून. उत्तर जुळलं की नाही हे तो सांगू शके, उत्तर काय आहे हे त्यातून निघत नव्हतं. जाणकार वाचक म्हणतील, ही तपासणीच प्रोग्रॅममधून कापून टाकायची. पावत्या छापायचा प्रोग्रॅम असता तर ती कापलीही असती. हा आगीवर बसलेला प्रोग्रॅम होता आणि समोर चाळीस घरांचं बी होतं. तिथे सुरी चालवायची माझी छाती झाली नाही.

“काय नाव ठेवलं होतं, आठवतंय का कुणाला?” मी विचारलं.

ही माझी चूक. दहा मिनिटांत शेडमध्ये तीसेक माणसं जमली. एकाने गटाचं नाव सुचवलं. चूक. गावचं नाव, चूक. ग्रामदैवत, चूक. माणिकरावांच्या वडिलांचं नाव, चूक. माणिकरावांच्या बैलाचं नाव मी टाकायला नकार दिला, तर बैल त्याच सालातला आहे असं सप्रमाण सांगण्यात आलं. टाकलं. चूक. बी निवडायला आलेल्या बायका कडेला बसून हसत होत्या. त्यांतली एक म्हणाली, “बारसंच हाय की हे. आत्याला बलवा, कानात कुर्र करंल.”

“घुगऱ्या तर तिकडं ढिगात आपसूकच शिजून राहिल्या,” मुंजाजी म्हणाला.

माणिकराव हसले नाहीत. ते उठून ढिगाकडे गेले आणि त्यांनी आत हात घातला. चाळीस-पन्नास नावं झाली असतील. माझी बोटं दुखत होती आणि मला प्रथमच भीती वाटली. आजवर माझ्या हातून फार तर कुणाची पत्रिका, कुणाची पावती अडली होती. इतका जिवंत माल माझ्यावर कधी अवलंबून नव्हता.

शेवटी हसणाऱ्या बायकांपैकीच एकीला आठवलं, “ते मशिन आलं तवा रेखावहिनी नव्हती का बसत त्याच्यावर? नवी सून व्हती. बारावी शिकलेली तीच येकटी.”

रेखावहिनी आता औंढ्याला होत्या. नवऱ्याने देवळाजवळ बेलफुलाचं दुकान टाकलं तेव्हाच त्या गाव सोडून गेल्या होत्या, आणि मुंजाजीचं राज्य तेव्हापासून सुरू झालं होतं. फोनवर विचारलं तर ‘न्हाई आठवत’ म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि माणिकराव जीप काढून औंढ्याला गेलो. निघण्यापूर्वी माणिकरावांनी ढिगात हात घालून पाहिला होता. मला घालू दिला नाही.

रेखाताई दुकानात बेलाच्या जुड्या बांधत होत्या. चाळिशीच्या, हसतमुख बाई. नवरा नारळ आणायला परभणीला गेला होता. पायरीवर त्यांच्या सासूबाई, गयाबाई, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवून बसल्या होत्या. पाणी झालं, चहा झाला, आणि माणिकरावांनी विचारलं, “वहिनी, ते मशिन बसवलं तवा त्याचं नाव तुमीच टाकलं व्हतं ना?”

रेखाताईंचा हात जुडीवर थांबला. त्यांनी एकदा सासूकडे पाहिलं. “न्हाई बा आठवत.”

मी तीस वर्षं लोकांना पासवर्ड विचारत आलोय. विसरलेला माणूस छताकडे बघतो. लपवणारा माणूस दुसऱ्या माणसाकडे बघतो. मी आग्रह केला नाही. ढिगाबद्दल सांगितलं फक्त.

“किती गरम हाय?” त्यांनी विचारलं.

“काल कोमट व्हता,” माणिकराव म्हणाले. “आज हात ठिववत न्हाई.”

रेखाताईंनी बेल बाजूला सारला. “चला. मी येते. पन सांगनार न्हाई. तिथं यिऊन टाकून देते.”

“मी बी येते,” पायरीवरून गयाबाई म्हणाल्या. “माझ्या भावाचं बी त्या ढिगात हाय.” आणि त्या कुणी काही म्हणायच्या आत जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. परतीच्या वाटेवर त्यांनी माणिकरावांना रस्त्यात लागलेल्या प्रत्येक वावराच्या मालकाची सोयरीक सांगितली.

शेडमध्ये पुन्हा सगळं गाव होतं. रेखाताईंनी पदर खोचला, संगणकापुढे बसल्या आणि म्हणाल्या, “तोंडं तिकडं करा.” तीस माणसांनी निमूटपणे भिंतीकडे तोंडं केली. मला मात्र बघावंच लागणार होतं. त्यांनी एका बोटाने, अक्षरं शोधत, सात इंग्रजी अक्षरं टाकली: कालिंदा.

मी प्रोग्रॅम चालू केला. तीच ओळ आली, हे यंत्र माझ्या ओळखीचं नाही.

“चूक आलं,” मी म्हणालो. “ताई, नीट आठवा. इतक्या वर्षांत एखादं अक्षर इकडचं तिकडं...”

रेखाताई खाली वाकल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, पण दात आवळून म्हणाल्या, “मास्तर, माझं सोताचं नाव हाय ते. माहेरचं. ते चुकंल कसं माझं?”

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि चूक कुणाची आहे ते माझ्या लक्षात आलं. या विचारणेची एक रीत असते. नुसतं उत्तर देऊन भागत नाही, उत्तर किती लांब आहे हेही सांगावं लागतं, आणि त्या लांबीत शेवटची एक रिकामी जागाही धरावी लागते. इथे उत्तर संपलं, अशी ती खूण. माझा दुभाष्या सात सांगत होता. जुना कारभारी आठ सांगत आला होता. पहिल्या प्रश्नापासून माझ्या दुभाष्याने हीच एकेक जागा खाल्ली होती. आदल्या दिवशीच्या पन्नास नावांत खरं नाव असतं, तरी प्रोग्रॅमने ते चूकच ठरवलं असतं. माणिकरावांच्या बैलावरही मी अन्याय केला होता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वतीने उत्तरं देणारा मी, आणि उत्तर संपवायला विसरलो! कान लालेलाल झाले. मी त्या ओळीत एक मिळवला.

“परत एकदा,” मी म्हणालो.

प्रोग्रॅमने विचारलं, तू कोण? माझ्या दुभाष्याने नऊच्या नऊ उत्तरं दिली. त्या जुन्या प्रोग्रॅमने दोन सेकंद विचार केला असेल. मग पडदा बदलला, भिंतीपलीकडे पंखा गुरगुरला, बर्नर पेटला, आणि नळीतून पहिली ऊन हवा बाहेर आली. तीस माणसांनी तोंडं फिरवली. मुंजाजी धावत आला आणि कारण नसताना त्याने हिरवं बटण दाबलं.

माणिकराव माझ्याकडे न येता ढिगाकडे गेले. फावड्याने पहिला माल ड्रायरच्या सरकत्या पट्ट्यावर ओढताना ते रडत होते, आणि धूळ डोळ्यांत जाते म्हणून शिव्याही देत होते.

“काय नाव व्हतं हो, वहिनी?” सगळेच विचारू लागले.

“काय बी नव्हतं. मशिनीचं नाव मशिनीला ठाव,” रेखाताई म्हणाल्या. पण त्या खुशीत होत्या. मला त्यांनी बाजूला सांगितलं, “इंजिनेर म्हनला, ताई, मशिनीला काय बी नाव द्या, कोनाला दिसत न्हाई. कोनाला दिसत न्हाई म्हनल्यावर मी माझंच देलं. तवा लग्न होऊन चार महिनेच झालते. समदे रेखा, रेखा म्हनायचे, मी वळूनच बघायची न्हाई, अन् बोलनी खायची. सकाळी मशिन चालू केलं की येक डाव ते नाव पडद्यावर यायचं अन् जायचं. तेवढंच बरं वाटायचं.”

एवढ्यात मागून गयाबाईंचा आवाज आला. “कालिंदा टाकलं असंल, दुसरं काय?”

रेखाताईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

“तुमाला ठाव व्हतं, आत्याबाई?”

“ठाव नसाया काय झालं? लग्नात तुझी माय त्याच नावानं तुला गळ्यात घेऊन रडत व्हती. मी काय भैरी व्हते व्हय?”

“मावशी, मग काल फोन केला तवाच सांगायचं की!” माणिकराव ओरडले.

“मला कोन इच्यारलं?” गयाबाई म्हणाल्या. मग पोत्यावर बसत, कुणाकडेच न बघता त्यांनी पुढे सांगितलं, “माझं बी बदललंच व्हतं की. रीतच हाय आपल्यात.”

“तुमचं काय व्हतं?” रेखाताईंनी विचारलं. वीस वर्षांत त्यांनी सासूला हे विचारलं नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

गयाबाईंनी खाली सांडलेला एक दाणा उचलून पट्ट्यावर परत टाकला. “कौतिका,” त्या म्हणाल्या, आणि लाज वाटून पदर तोंडाला लावला.

“मास्तर,” माणिकराव म्हणाले, “लिहून ठिवा. फुडं मशिन बदललं तर कामाला यील.”

आठवड्याने माणिकरावांचा फोन आला. गोणपाटाच्या ओल्या तुकड्यात शंभर दाणे मोजून गुंडाळायचे आणि कोंब किती येतात ते बघायचं, ही बियाण्याची गावठी परीक्षा. त्यांचे अठ्ठ्याऐंशी उगवले होते. माणिकराव एवढे मोठ्याने बोलत होते, की फोनची गरज नव्हती. पारावरची त्यांची जागा शाबूत राहिली. गोण्यांवर छापायला बियाण्याला नाव हवं होतं, तेव्हा त्यांनी औंढ्याला विचारून घेतलं. रेखाताईंनी उत्तर पाठवलं, “टाका. ठळक टाका.”

दिवाळीनंतर त्या छापील गोण्यांतल्याच एका नव्या गोणीत तूरडाळ भरून माणिकरावांनी ती आमच्या घरी पोचवली. सुनंदाने गोणीवरचं नाव वाचलं आणि विचारलं, “ही कालिंदा कोण?” मी सगळी हकिकत सांगितली, अगदी रंगवून. बैलापाशी ती हसली, मुंजाजीपाशी हसली, गयाबाईंपाशी हसायची थांबली. सांगून झाल्यावर तिने डाळ डब्यात ओतली, गोणीची घडी घातली आणि म्हणाली, “माझं काय होतं, सांगा बरं.”

मला ते आठवेना.

आमच्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘सुनंदा’ हे नाव मीच लिहिलं होतं. ते मीच निवडलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. त्याआधीचं नाव मी तेव्हा ऐकलं होतं, पत्रिकेत वाचलं होतं. पण तिच्या माहेरी सगळे तिला ताई किंवा अक्का म्हणतात, आईवडील लवकर गेले, आणि पस्तीस वर्षांत ते नाव घ्यायची वेळ माझ्यावर आली नाही. त्या ड्रायरने एका सुनेचं नाव वीस वर्षं कुलपात जपलं होतं. मी माझ्या बायकोचं हरवून बसलो होतो. मला फार लाज वाटली. तसं मी तिला म्हणालोही.

“लाज वाटू द्या,” ती म्हणाली. “नाव सांगा.”

मी दोन-तीन नावं घेतली. “चूक,” “चूक,” “चूक.” तिचा शाळेचा दाखला लोखंडी कपाटात आहे, पण किल्ली तिच्या कमरेला आहे. संध्याकाळी मी बाहेर जाऊन मेहुण्याला फोन लावला. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, “भाऊजी, अक्काचा फोन आताच यिऊन गेला. सांगितलं तर भाऊबिजेला दारात उभं करनार न्हाई म्हनली.” थोडक्यात, माझ्या आधी तिने वाट बंद करून ठेवली होती. इतक्या वर्षांत माझ्या धंद्यातलं ती काहीच शिकली नाही, असा माझा समज होता.

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला आहे. रोज सकाळच्या चहाला मला एक नाव सांगता येतं, एकच. कारण विचारायचं नाही, इशारा मागायचा नाही. गोदावरी झालं, अनुसया झालं, वत्सला, शांता, पुष्पा, सगळी झाली. ड्रायर दोन दिवसांत वळला. इथे मला वर्ष होत आलं.

आज सकाळी मी ‘इंदू’ म्हणालो. तिने खिडकीबाहेर बघितलं, मग “चूक” म्हणाली. पण त्यानंतर तिने दिलेल्या चहात साखर नेहमीपेक्षा जास्त होती. मी जवळपास आलो असेन.